‘पेगन’ म्हणजे गावंढळ की मुलकी?

प्रश्न असा आहे : रोमन इतिहासावरच्या मराठी लेखनात ‘पेगन’साठी (म्हणजे ख्रिस्ती न होता जुन्या देवांना मानत राहिलेल्यांसाठी) कुठे ‘मूर्तिपूजक’, तर कुठे ‘पाखंडी’ असे शब्द दिसतात. यांतला बरोबर कोणता? आणि मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘गावंढळ’ होता, हे खरे का?

आधी गावंढळपणाचे बघू. लॅटिनमध्ये ‘पागुस’ म्हणजे खेड्यापाड्यांचा टापू आणि तिथे राहणारा तो ‘पागानुस’. इंग्रजी ‘पेझंट’ त्याच घराण्यातला. ख्रिस्ती धर्म आधी अँटिओक, एफेसस, कॉरिंथ अशा शहरांत रुजला, खेडी जुन्या देवांना धरून राहिली, म्हणून खेडवळ तो पेगन, अशी व्युत्पत्ती सांगतात. ती आजची नाही. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनचा शिष्य ओरोसियस याने पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच ती लिहून ठेवली आहे.

मला ती पुरती पटत नाही. जुन्या देवांचे शेवटचे खंदे पाठीराखे रोमच्या सेनेटमधले बडे सरदार होते. सम्राट ग्रेशियनने इ.स. ३८२ मध्ये सेनेटच्या सभागृहातली विजयदेवीची वेदी हलवली. ती परत मिळावी म्हणून ३८४ मध्ये रोमचा नगरप्रमुख सिमॅकस याने बादशाही दरबारी अर्ज केला. एवढ्या मोठ्या रहस्यापर्यंत एकाच वाटेने पोचता येत नाही, असे त्याचे म्हणणे. (मिलानचा बिशप अँब्रोज आडवा आला आणि अर्ज फेटाळला गेला.) या माणसाला गावंढळ म्हणायचे, तर शिवी म्हणूनच.

दुसरे मत मराठी माणसाला चटकन कळेल, कारण आपल्याकडे ‘लष्करी’ आणि ‘मुलकी’ अशी जोडी आहेच. रोमन शिपायांच्या बोलीत, जो फौजेत नाही तो ‘पागानुस’. रोमन इतिहासकार टॅसिटसने हा शब्द याच अर्थाने वापरला आहे. ख्रिस्ती लोक स्वतःला ख्रिस्ताचे सैनिक म्हणवून घेत. शिपाई भरतीच्या वेळी जी शपथ घेई ती ‘साक्रामेंतुम’. तोच शब्द ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने बाप्तिस्म्याला लावला, आणि गोव्यातल्या चर्चमध्ये अशा विधींना आजही ‘साक्रामेंत’ म्हणतात. मग या फौजेबाहेरचा तो मुलकी, म्हणजे पेगन. माझा कल इकडे आहे. पण दोन्ही अर्थांत ‘आपल्यातला नव्हे’ ही छटा आहेच, आणि कदाचित तेवढ्यावरच शब्द चालला असेल.

‘पाखंडी’ मात्र साफ चूक. तो ‘हेरेटिक’साठी ठेवावा. सम्राट थिओडोसियसच्या ३८० च्या फर्मानात पाखंडी ठरवले गेले ते वेगळे मत मांडणारे ख्रिस्तीच. गंमत अशी की ग्रीक ‘हायरेसिस’ म्हणजे मुळात निवड, त्यावरून एखादा विचारपंथ. आणि अशोकाच्या शिलालेखांतला ‘पासंड’ म्हणजेही नुसता पंथ. बाराव्या लेखात तर सगळ्या पासंडांचा मान राखा असेच सांगितले आहे. दोन्ही शब्द पुढे सारखेच बदनाम झाले.

‘मूर्तिपूजक’ची अडचण निराळी. चर्चच्या धर्मगुरूंच्या तोंडी तो दोषारोप होता, आपल्या कानाला तो साधा वर्णनाचा शब्द वाटतो. शिवाय रोमन धर्माचा गाभा बळी, शकुन आणि नवस यांत होता. मूर्ती हा त्याचा एक भाग. प्लोटिनससारख्या तत्त्वज्ञाला मूर्तिपूजक म्हणणे तर फारच ओढूनताणून होईल.

लॅटिनमध्ये याच लोकांना ‘जेंतिलेस’ही म्हणत. त्याचा पोर्तुगीज वारस ‘जेंतिऊ’ आपल्या ओळखीचा असायला हवा : गोव्याच्या पोर्तुगीज कागदपत्रांत हिंदूंना हेच नाव आहे. इंग्रजांनी त्याचे ‘जेंटू’ केले, आणि हॅल्हेडने १७७६ मध्ये हिंदू कायद्याचे भाषांतर छापले तेही ‘जेंटू’ कायदे म्हणून.

तेव्हा मी लिहिताना पहिल्यांदा ‘जुन्या देवांचे उपासक’ असे लिहितो आणि पुढे सरळ ‘पेगन’ वापरतो. ‘बहुदेवपूजक’ही चालेल, पण लेखात दहादा आला की जीभ अडखळते.