शिवारातला रोही कुठून येतो?

प्रश्न : आमचे गाव वर्धा जिल्ह्यात असून जवळचे मोठे जंगल वीस किलोमीटरवर आहे. तरीही दिवाळीनंतर रोही (नीलगाय) आणि रानडुकरे हरभरा शिल्लक ठेवत नाहीत, आणि मागच्या हिवाळ्यात तर गावच्या नाल्यात एक वाघ आठवडाभर मुक्कामाला होता. जंगल सोडून हे प्राणी आमच्याकडे का येतात? त्यांना पकडून जंगलात का सोडत नाहीत? (एक शेतकरी वाचक)

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘जंगल सोडून’ हे शब्द रोह्याला लागू पडत नाहीत. रोही हा मुळात दाट जंगलाचा प्राणी नव्हे. विरळ झुडपे, मधूनमधून गवत आणि दूरवर नजर पोहोचेल अशी जागा त्याला मानवते. धुऱ्यालगतचे (बांधालगतचे) पडीक, बाभूळबन आणि नाल्याचा काठ म्हणजे नेमकी तशीच जागा. त्यामुळे आपल्या शेतात दिसणारा रोही वीस किलोमीटर चालून आलेला नसतो, बहुधा तो आपल्याच शिवारात जन्मलेला असतो.

राहण्याची जागा धरताना प्राणी खाणे, पाणी, आडोसा आणि पिलांची सुरक्षितता या सगळ्यांचा मेळ घालत असतो. हरभऱ्याचे हिरवे रान खायला उत्तम, पण भर दुपारी तिथे उभे राहणे जिवावरचे. म्हणून तो दिवस एका जागी आणि रात्र दुसऱ्या जागी काढतो. सोयाबीन निघाल्यावर शिवारात माणूस दिसेनासा होईल अशी तूर उभी असते, शेजारी कपाशी असते आणि त्यांना लागूनच हरभरा उगवू लागतो. आडोसा आणि चारा यांच्यामध्ये तेव्हा एक धुरा तेवढा उरतो. आपण ‘दिवाळीनंतर’ असे जे लिहिले आहे, त्याचे कारण हे आहे.

अशाच एका शिवारात मी सकाळी फिरलो, तेव्हा तुरीच्या तासात रोह्याच्या लेंड्यांचा मोठा ढीग दिसला. वरच्या लेंड्या ओल्या, तर तळाच्या वाळून पांढुरक्या पडलेल्या. रोही पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येऊन लेंड्या टाकतो, त्यामुळे असा ढीग दिसला की हा वाटसरू नसून इथला रहिवासी आहे, असे समजावे. खालच्या नाल्यात डुकरे चिखलात लोळली होती आणि बाभळीचे खोड गुडघ्याएवढ्या उंचीवर अंग घासून त्यांनी चिखलाने माखवले होते. दिवसाचा मुक्काम त्यांनी पलीकडच्या रायमुनियाच्या (घाणेरीच्या) जाळीत ठेवला होता, जिथे माणूस वाकूनही शिरू शकत नाही. आपण रात्रभर हरभऱ्यात जागल करता ती आवश्यकच आहे, पण दिवसा एकदा त्या जाळीकडेही पाहावे.

वाघाचे कारण वेगळे आहे. साधारण दीड-दोन वर्षांचा झाल्यावर नर बछडा आईचा इलाखा सोडून स्वतःची जागा शोधायला निघतो. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर, म्हणजे ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा, लावली होती. तो जूनमध्ये निघाला आणि विदर्भ व तेलंगणातील शेते, नाले, रस्ते ओलांडत वर्षअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तोवर त्याची चाल १३०० किलोमीटरवर गेली होती. आपल्या नाल्यातला पाहुणाही असाच वाटेवरचा असावा, आणि पाणी, आडोसा व रानडुकरे एकत्र मिळाल्याने तो तिथे विसावला असावा. अशा वाघाला पकडून भरल्या जंगलात सोडले, तर तिथे आधीच ठाण मांडून बसलेल्या नराशी त्याची गाठ पडते आणि हरला तर तो पुन्हा शेतांकडेच वळतो. जुन्नर भागात बिबटे पकडून दूर सोडण्यात आले, तेव्हा माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वाढले होते.

प्रश्न : प्राणी एखाद्या जागेची ‘निवड’ करतो, हे अभ्यासक कशावरून ठरवतात? (एक शिक्षिका)

उत्तर : प्राणी कुठे दिसला एवढे पुरेसे नसते, त्याच्यापुढे काय काय उपलब्ध होते, हेही मोजावे लागते. समजा, शिवाराचा दहावा भाग झुडपांचा आहे आणि कॉलर लावलेल्या प्राण्याच्या निम्म्या नोंदी तिथल्याच आहेत, तर तो झुडपे निवडतो आहे. झुडपेच जर निम्मी असती, तर त्याच नोंदींवरून निवड सिद्ध झाली नसती.

प्रश्न : गावालगतचे झुडपी जंगल सरसकट साफ केले तर रोही जातील का? (एक सरपंच)

उत्तर : नाही. तूर-कपाशी उभी असेपर्यंत ते पिकातच दडतील, आणि ससे, तितर, लावे मात्र खरोखर बेघर होतील. शिवाय पूर्व विदर्भात महसुली दप्तरी ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली जमीन वनजमीनच आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आहे. परवानगीशिवाय तिला हात लावू नये. तारेत वीज सोडण्याचा मार्ग तर मनातही आणू नये, त्या तारेने आपल्या विदर्भात वाघ मेले आहेत आणि माणसेही.

आपल्या हातात आहे ती शेतालगतची रायमुनिया. बोर, पळस, बाभूळ ठेवा आणि ही परदेशी जाळी तेवढी काढा. वरून खोड छाटल्यास ती दुप्पट फुटते, म्हणून जमिनीच्या दोन-तीन बोटे खाली मुख्य मूळ तोडून झुडूप उलटे टाकावे. पक्षी तिची फळे खाऊन ज्या झाडांवर बसतात, त्या झाडांखाली पुढची दोन-तीन वर्षे पावसाळ्यात नवी रोपे उगवतात. ती हाताने उपटता येतात तोवरच उपटावीत.