फाडलेली पानं आणि दोन वह्या

समुपदेशनाला आलेल्या आईने टेबलावर एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. आत वहीच्या पानांचे तुकडे होते, काही सेलोटेप लावून जोडलेले. "मॅडम, कचऱ्याच्या डब्यातून काढलेत. मुलगी रोज रात्री लिहिते, रडते आणि फाडून टाकते. तिचं लिहिणं बंद करू का? असं रोज उकरत बसली तर जखम भरणार कशी?"

मुलगी बावीस वर्षांची. राहायला नवी मुंबईतलं कोपरखैरणे, नोकरी ठाण्यात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) संध्याकाळच्या ठाणे–वाशी लोकलमधून उतरली की एक माणूस स्टेशनपासून तिच्या सोसायटीच्या कोपऱ्यापर्यंत मागे यायचा. तिने स्पष्ट नाही म्हटल्यावरही त्याने दोनदा नंबर मागितला, एकदा वाट अडवली. हे तीन आठवडे चाललं. मग तिने ठाण्यातला संध्याकाळचा क्लास सोडला, आणि घरच्यांना कारण कळलं ते त्यानंतर.

आईला पडलेला प्रश्न खूप घरांत विचारला जातो. त्याचं उत्तर असं: लिहिणं बंद करू नका, लिहिण्याची पद्धत बदला. मुलगी रात्री साडेअकराला अंथरुणात पडून लिहायची, वेळेचं बंधन नाही, आणि पानापानावर एकच वाक्य: "मी ओरडले का नाही?" या लिहिण्यात मन पुढे सरकत नाही, एकाच जागी गोल फिरतं आणि तसंच झोपेत जातं. रडण्याचं आणि फाडण्याचं मूळ तिथे होतं.

पण कागद-पेनाआधी विचारायची गोष्ट वेगळी असते: तो माणूस अजून मागे येतोय का? येत असेल तर भावना मोकळ्या करायची ती वेळ नव्हे. या मुलीने वाट बदलली होती, तरी तो मधल्या आठवड्यात एकदा दिसला होता. म्हणून पहिल्याच दिवशी दोन वह्या ठरल्या, एक नोंदीची आणि एक मनाची. त्यांची सरमिसळ करायची नाही, यावर आमचा फार कटाक्ष असतो. मनाच्या वहीत शेवट बदलता येतो, त्या माणसाला राक्षस करता येतं, स्वतःला दहा हात देता येतात. पण तेच रंगवलेलं वाक्य पुढे जबाबात शिरलं तर खरी घटनाही डळमळीत दिसू लागते.

नोंदवही शिवलेली हवी, सुट्या पानांची नको. पेनाने लिहायचं. रकाने पाच: तारीख, वेळ, जागा, काय घडलं, आसपास कोण होतं. बोललेले शब्द जसेच्या तसे, "घाणेरडं बोलला" असं नाही. नोंद त्याच दिवशी करायची, पान फाडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं. त्याचे मेसेज आले तर पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट घेऊन ठेवायचे. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं, त्यामुळे तक्रारीत कॅमेऱ्याची जागाही लिहायची आणि ते जपून ठेवण्याची विनंती लगेच करायची.

स्त्रीचा पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत, पुन्हा ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या भागात एक घोळ नेहमी होतो. फलाटावर घडलं तर ते लोहमार्ग पोलिसांकडे, स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर घडलं तर नवी मुंबई पोलिसांकडे, आणि मुलगी दोन्हींच्या मध्ये हेलपाटे घालते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि अशा गुन्ह्यात ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. हे वाक्य पाठ करून जावं. तातडीच्या वेळी ११२.

मनाच्या वहीआधी चित्र घेतलं, कारण शब्दांत ती अडकली होती. ए-थ्री आकाराचा जाड कागद आणि तेलखडू. पेन्सिल मुद्दाम दिली नाही. पेन्सिल आली की खोडरबर येतो, आणि घाबरलेली मुलगी अर्धा वेळ खोडण्यात घालवते. विषय साधा: स्टेशन ते घर, वाटेचा नकाशा. वेळ पंचवीस मिनिटं. "त्याला काढ" असं कधीच सांगायचं नाही. तिला काढायचाच असेल तर शेवटी काढेल, नाहीतर नाही.

पहिल्या कागदावर तिने त्यालाच आधी काढलं. काळ्या खडूचा ढीग, कागदाचा दोन तृतीयांश भाग व्यापणारा, इतका दाबून की खडू मोडला. खालच्या कोपऱ्यात ती स्वतः, नखाएवढी, पाय नसलेली. अशा वेळी "पाय नाहीत म्हणजे तुला असहाय वाटतंय" असं सांगणं म्हणजे हात बघून भविष्य सांगण्यासारखं आहे. एवढंच विचारायचं: "ही कुठे उभी आहे?" ती म्हणाली, "मेडिकलसमोर. तिथे पाय हलेचनात."

इथे तिला एक गोष्ट सांगावी लागली. भीतीने शरीर पळतं, प्रतिकार करतं किंवा गोठतं, आणि गोठणं हे कुणी ठरवून करत नाही. घसा बंद होणं त्यातलंच. "मी ओरडले का नाही" या प्रश्नाचं हे उत्तर तिला कुणी दिलंच नव्हतं.

दुसऱ्या नकाशासाठी तिला वारलीतला माणूस दाखवला. डोक्याला गोल, अंगाला टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, हातापायांना रेघा. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या या चित्रांत लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, परंपरेने सवाशिणी लिहीत आल्या. अशा आकृतीत शरीराची लाज आड येत नाही, सगळी माणसं सारख्या मापाची होतात आणि चित्रकला येत नसली तरी जमतं. त्यामुळे तो दोन बोटांएवढा झाला, तिच्याच उंचीचा. मग अंग आखडतं तिथे लाल ठिपका, ओळखीचं माणूस असतं तिथे हिरवा. पोळीभाजी केंद्र, रिक्षा स्टँड, मेडिकल, वॉचमनकाका. लाल चार निघाले, हिरवे सात. कोणत्या लाल ठिपक्यापासून कोणता हिरवा जवळ आहे, हे तिने त्याच कागदावर बाणांनी जोडलं. इथे चित्रच सुरक्षेची योजना झालं.

त्यानंतर लिहिणं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सॅन्ड्रा बील यांच्यासह १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं मनाला लागलेल्या घटनेवर लिहिलं. लिहिल्यावर लगेच त्यांना जास्त उदास वाटलं, फायदा पुढच्या काही महिन्यांत दिसला. हे घरच्यांना आधी सांगायला हवं, नाहीतर पहिल्याच रडण्याला वही काढून घेतली जाते. पेनेबेकर यांच्या पुढच्या कामात आणखी एक दिसलं: ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक "कारण", "म्हणून", "लक्षात आलं" असे शब्द वाढतात, त्यांना जास्त बरं वाटतं.

तिची वेळ संध्याकाळी साडेसहा, खुर्ची-टेबलावर, मोबाइलचा गजर लावून. पहिले दोन दिवस "ती" म्हणून लिहायचं, जमलं तर पुढचे दोन "मी" म्हणून. गजर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. मग तोंडावर गार पाणी, आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने. लिहिताना आपण कुठे आहोत याचं भान सुटलं तर पंधरा मिनिटंही पुरी करायची नाहीत. झोप सलग दोन आठवडे उडाली, घटना डोळ्यांसमोर पुन्हा घडतेय असं वाटलं किंवा जगण्यावरून मन उडाल्याचं बोलणं आलं, तर वही बाजूला आणि मनोविकारतज्ज्ञ आधी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

तिसऱ्या दिवशी "मी ओरडले का नाही"च्या जागी "घसा बंद झाला कारण" असं वाक्य सुरू झालं. मग ओरडायची वाक्यंच लिहायला घेतली. पहिला मसुदा: "प्लीज असं करू नका." त्यातून "प्लीज" गेलं. उरलं ते असं: "मागे सरा. मी याला ओळखत नाही. हा माझा पाठलाग करतोय." मधलं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. बघणाऱ्यांना ते घरगुती भांडण वाटलं तर कुणी मध्ये पडत नाही. आणि "कुणीतरी मदत करा" यापेक्षा "निळ्या शर्टवाले दादा, इथे या" हे जास्त लागू पडतं. ही वाक्यं तिने उभं राहून, पोटातून आवाज काढून वीसेक वेळा म्हटली. एका संध्याकाळी आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या चालीत तिने वहीत हेही लिहिलं:

स्टेशनाच्या वाटं, दिवा जळतो खांबाला
माझ्या पायाचा आवाज, ऐकू जाऊ दे लोकांला

आईचं काम वेगळं होतं. वही वाचायची नाही, खण कुलपाचा द्यायचा. "काय लिहिलंस?" याऐवजी "झालं का? चहा टाकू?" "संध्याकाळी बाहेर पडूच नको" हा नियमही मागे घ्यावा लागला, कारण त्यात शिक्षा मुलीला होत होती. मुलगी अठराच्या आतली असती तर आणखी एक गोष्ट होती. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली असा पाठलागही लैंगिक छळात मोडतो आणि माहिती मिळालेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळवावीच लागते. म्हणून "हे आपल्यातच राहील" असं वचन मुलीने खडू हातात घेण्याआधी देऊ नये.

चौथ्या भेटीत आईने ती पिशवी मुलीच्या हातात दिली. "मी वाचलं गं, चुकलं माझं." मुलगी बराच वेळ तुकडे चाळत बसली. एका तुकड्यावर तारीख आणि "९.१०ची गाडी" एवढंच होतं. पाठलागाची तिसरी वेळ, जी तिला आठवतच नव्हती. तिने नोंदवहीत आजची तारीख घातली, खाली लिहिलं, "ही नोंद जुन्या कागदावरून उतरवली", आणि मूळ तुकडा पाकिटात घालून वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवला. बाकीची पिशवी तिने स्वतः डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी दोघी तक्रार द्यायला गेल्या तेव्हा वही मुलीच्या हातात होती.