‘मी पात्र आहे का?’ हे तिसऱ्यांदा विचारणारा मुलगा

इंजिनिअरिंगचे निकाल लागले की कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच काळजी वेगवेगळ्या चेहऱ्यांनी येते. “मॅडम, एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करायचंय, पण मी पात्र आहे का?” यंदा त्यावर लिहावंसं वाटलं ते शिरोळकडच्या एका मुलामुळे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

पदवी केमिकलची, गुण 58 टक्के, दुसऱ्या वर्षी गणिताला एटीकेटी. पहिल्या भेटीत मी सरळ नियमच सांगितले. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. सिव्हिल, केमिकल, एन्व्हायर्नमेंटल या शाखा बहुतेक ठिकाणी चालतात. राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीला पदवीला किमान 50 टक्के लागतात, राज्यातल्या मागास प्रवर्गांना 45. आयआयटीत बहुधा 60 मागतात, तिथे त्याचे 58 अडतील, हेही लपवलं नाही. 2021 पासून गेटमध्ये, म्हणजे एम.टेक.साठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेत, या विषयाचा स्वतंत्र पेपर आहे: 3 तास, 65 प्रश्न, 100 गुण. स्कोअर तीन वर्षं चालतो. गेट पात्र होऊन एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतला, तर महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन मिळू शकतं.

त्याने सगळं वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या भेटीत पुन्हा तेच: “पण मी पात्र आहे ना?” तिसऱ्या भेटीतही वही उघडून तेच. उत्तर समोर लिहिलेलं असताना माणूस पुन्हा विचारतो, तेव्हा त्याला काहीतरी वेगळंच विचारायचं असतं. मी वही बाजूला ठेवायला सांगितली.

“प्रोजेक्ट कशावर केलास?”

“पंचगंगेच्या पाण्याचा बीओडी.”

“म्हणजे नेमकं काय करायचास? दाखव की मला.”

त्याने टेबलावरची माझी पाण्याची बाटली उचलली. “बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची. बूच लावल्यावर आत एकपण बुडबुडा राहिला नाही पाहिजे, नाहीतर हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळतो आणि आकडा चुकतो.” बाटली तिरकी करून तो खिडकीच्या उजेडात बघत होता. “मग 27 अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवायची. ऑक्सिजन किती कमी झाला, त्यावरून घाण कळते.”

“घाटावर कधी जायचास?”

“पहिल्या एसटीनं. बर्फाचा डबा घेऊन.”

“सरांनी सांगितलं होतं?”

“नाही. मलाच बघायचं होतं.”

मग तो गप्प झाला. मीही गप्प बसले. बऱ्याच वेळाने, बाटलीवरची नजर न काढता म्हणाला, “बाबा म्हणतात, गटाराचं पाणी तपासायला तुला इंजिनिअर केला का?”

“मग पात्र आहेस की नाही, हे कुणाला विचारत होतास?”

त्याचे डोळे भरून आले. “बाबांना.”

माणसाचं उत्तर त्याच्याजवळच असतं, आपण त्याला ऐकून घेणारी जागा द्यायची, या विश्वासावर मी इतकी वर्षं काम करते आहे. ती शांतता मी सल्ल्याने भरली नाही, याचं मला आजही समाधान वाटतं.

असाच प्रश्न घेऊन बसलेल्या मुलांना मी एक कागद घ्यायला सांगते. डावीकडे त्या कॉलेजच्या माहितीपत्रकात जे छापलंय तेच लिहायचं: शाखा, टक्केवारी, गेट, तारखा. उजवीकडे मनातली भीती. डावी बाजू प्रवेश कक्षात जाऊन तपासून घ्या. उजवी बाजू घरी, जेवण झाल्यावर, ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर मोठ्याने वाचा. आणि पालकहो, नोकरी कुठे म्हणून विचारण्याआधी आपलाच जिल्हा बघा. साखर कारखाने, इचलकरंजीतली कापड प्रक्रिया, कागल-हातकणंगलेची एमआयडीसी, नगरपालिका, सांडपाण्यावर प्रक्रिया कुणाला चुकलीय?

चौथ्या भेटीला वडील आले. टोपी गुडघ्यावर ठेवून बराच वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, “नदीला फेस आला की आमची म्हसरं पाण्याला तोंड लावत न्हाईत, मॅडम.” आणि पोराकडे वळून, “तुझ्या त्या बाटलीत कळतंय व्हय रं ते?”

पोरानं टेबलावरची बाटली उचलली.