चेंबर कुणाचं, बिल कुणाचं?

प्रश्न : काका, रामबागेत आमचा आजोबांच्या वेळचा वाडा आहे. आम्ही तीन चुलत घरं, पण नळाचं खातं एकच आणि तेही अजून आजोबांच्याच नावावर. जलकर, सीवरेज शुल्क सगळं मीच भरत आलो. मध्यंतरी हात आखडता घेतला, तर आता अधिभारासकट 23 हजारांची थकबाकी दिसते. भाऊ म्हणतात, "तुझ्याकडे बाथरूम जास्त, तूच भर." शिवाय बॅकलेनमधलं, म्हणजे घरामागच्या गल्लीतलं, सीवरचं चेंबर आमचं आणि मागच्या घराचं सामाईक. पाऊस आला की तुंबतं आणि मागचे आमच्याकडे बोट दाखवतात. गेल्या खेपेला एका माणसाला आत उतरवून साफ केलं, ते पैसेही माझेच गेले. ते तरी वसूल होतील का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : शेवटचं आधी घेतो. माणूस चेंबरात उतरवलात आणि वर त्याची वाटणी मागताय? 2013 च्या कायद्यानं सीवर आणि सेप्टिक टँकमध्ये असं माणूस उतरवून काम करवून घेण्याला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बोलावणारा घरमालकही त्यातून सुटत नाही. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख केली, यावरून काय ते समजा. वरून बांबू घाला, रॉड घाला, जोराचं पाणी मारून लाइन मोकळी करणारं जेटिंग मशीन मागवा. माणूस नाही.

आता तुंबण्याचं. फक्त पावसातच तुंबतं असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे आधी गच्चीकडे बघा. गच्चीच्या पाण्याचा पाइप सीवरला जोडलेली घरं आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील. चार इंची घरगुती लाइनीत मुसळधार पाऊस सोडला तर ती उलटणारच. तुमचा आणि मागच्यांचा, दोन्ही पाइप तपासा. बहुतेक भांडण तिथेच मिटेल.

नाही मिटलं, तर कोरड्या दिवशी पहारीनं ओळीनं तीन झाकणं उचला : तुमच्या अंगणातलं, सामाईक आणि गल्लीतल्या मुख्य लाइनीचं. तुमचं भरलेलं आणि सामाईक रिकामं, तर अडकलंय तुमच्या हद्दीत, खर्च तुमचा. सामाईक भरलेलं आणि मुख्य रिकामं, तर मधल्या तुकड्याचा खर्च दोन्ही घरांनी वाटून घ्या. मुख्य चेंबरच काठोकाठ असेल तर कुणीच खिशात हात घालू नका. ते काम नगर निगमचं. तिन्ही चेंबरांचे फोटो काढा, निगमच्या 311 ॲपवर तक्रार टाका, नंबर जपून ठेवा. दाद लागली नाही तर मुख्यमंत्री हेल्पलाइन 181 आहेच.

बॅकलेनमध्ये कुणी ओटा किंवा स्वयंपाकघर पुढे काढून झाकणच गाडलंय का, तेही बघा. असे महाभाग कमी नाहीत.

बिलाचं म्हणाल, तर सीवरेज शुल्क येतं ते उगाच नाही. जुन्या शहरातल्या कितीतरी घरांचं सांडपाणी पूर्वी थेट कान्ह नदीत किंवा नाल्यात जायचं. ती तोंडं बंद करून लाइनीला जोडली, तेव्हा कुठे 2021 मध्ये इंदूरला देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीनाल्यात न सोडणारं शहर, हा मान मिळाला. लाइन सांभाळायला पैसा लागतो. पण बिल खात्यावर निघतं. तिघांत कुणाच्या बाथरूमचे किती, हे निगम ठरवत नाही. भावाभावांचा हिशोब घरात बसून करा, माणशी की नळामागे ते तुमचं तुम्ही ठरवा, फक्त कागदावर लिहून सह्या घ्या. तुम्ही त्यांच्या वाट्याचे भरलेले पैसे कायद्यानं मागता येतात, पण साधारण तीन वर्षांच्या आत. त्यापलीकडच्या पावत्या ट्रंकेतच राहू द्या.

थकबाकीसाठी नॅशनल लोक अदालतीची, म्हणजे तडजोडीनं प्रकरणं मिटवायच्या दिवसाची, तारीख बघा. आजवरच्या लोक अदालतींत जलकराची बाकी 10 हजारांपर्यंत असेल तर अधिभार पूर्ण माफ, 10 ते 50 हजारांत 75 टक्के आणि त्यावर 50 टक्के, असा हिशोब असायचा. मूळ रक्कम मात्र सुटत नाही. त्या दिवशी निगमच्या झोन ऑफिसात खूप गर्दी असते, सकाळीच जा.

आणि आजोबांना आता मोकळं करा. मृत्यू दाखला, वारसांची नावं, वाटणीपत्र जोडून नामांतरणाचा अर्ज द्या, पाठोपाठ खाती वेगळी करून मागा. नोकरीत असताना माझ्या टेबलावर अशी स्वर्गवासी ग्राहकांची बिलं ढिगानं यायची, आणि त्यातली निम्मी भांडणं नुसत्या नावाची असायची.

प्रश्न : बायपासपलीकडे नव्या कॉलनीत राहते. बिल्डर सीवरच्या देखभालीचे महिन्याला पैसे घेतो, वर निगमचा करही येतो. एकाच कामाचे दोनदा का द्यायचे?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आधी एकच गोष्ट विचारा : कॉलनी निगमकडे हस्तांतरित झाली का? झाली नसेल तर आतल्या लाइनी, सांडपाण्याचा प्लांट अजून बिल्डरच्या गळ्यात आहेत. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणाऱ्या कायद्याच्या, कलम 11 प्रमाणे रहिवासी संघानं कारभार हाती घेईपर्यंत अशा सेवा त्यानंच चालवायच्या. शुल्क घेऊ शकतो, पण वाजवी. तेव्हा लेखी हिशोब मागा. बांधकामातलाच दोष असेल, उतार चुकीचा वगैरे, तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कळवलात की दुरुस्ती त्यानं फुकट करून द्यायची असते.

निगमचं बिल रागानं थांबवू नका. आक्षेपाचं पत्र द्या, आवक क्रमांक घ्या आणि भरा. पत्राला उत्तर नाही आलं तर जिल्हा न्यायालयात विधिक सेवा प्राधिकरणाकडे स्थायी लोक अदालतीची चौकशी करा. पाणी आणि सार्वजनिक स्वच्छता हे दोन्ही विषय तिच्या कक्षेत येतात, कोर्ट फी नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही. समझोता झाला नाही तर ती स्वतः निकाल देऊ शकते. मात्र तिथे अर्ज केल्यावर त्याच वादासाठी दुसऱ्या कोर्टात जाता येत नाही, म्हणून बिल्डरवरचा राग आणि निगमवरचा राग एकाच अर्जात कालवू नका.