फुंका, फुंका, अजून फुंका

नवी पेठ, पुणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गच्चीवरच्या कोरफडीच्या कुंडीत काल सकाळी नऊ थोटकं सापडली. कोरफड काही सिगरेट ओढत नाही, आणि अभ्यासिकेतल्या सतरा पोरांपैकी रात्री साडेअकरानंतर गच्चीवर जाणारा तू एकटाच. आधी वाटलं, पाटी लावावी. चाळीस वर्षं पेठेत काढली आहेत, पाटी लिहिणं हाताला जड नाही. पण पाटी वाचून माणूस दुसरी कुंडी शोधतो. म्हणून पत्र.

समोरासमोर बोललो असतो तर ‘हो काका, कमी करतोय’ म्हणून तू मोकळा झाला असतास. ‘कमी करतोय’ हे वाक्य मी स्वतः सात वर्षं वापरलं आहे, त्यामुळे त्याची किंमत मला माहीत आहे.

तुला कदाचित ठाऊक नसेल, निवृत्त होईपर्यंत मी एका हॉस्पिटलात फुफ्फुसाच्या तपासणीचं यंत्र चालवायचो. पेशंटच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची, छाती भरून श्वास घ्यायला लावायचा आणि मग ओरडायचं : फुंका! फुंका, फुंका, अजून फुंका, थांबू नका, अजून! चांगले सहा सेकंद. आणि हे निदान तीन वेळा. निरोगी माणूस जेवढी हवा फुंकू शकतो, तिच्यातली सत्तर-ऐंशी टक्के पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. ज्याच्या श्वासनळ्या धुरानं आवळल्यात, त्याची हवा मात्र रेंगाळत येते, नळाला पाणी जाताना येतं तशी. चेहरा लालबुंद होतो, मानेच्या शिरा फुगतात, आणि कागदावरची रेघ काही वर चढत नाही.

हे रोज पंधरा-वीस जणांचं बघत होतो आणि मधल्या वेळात मागच्या जिन्यात जाऊन सिगरेट ओढत होतो. हसू नकोस. १९९२ साली मुळशीकडचा एक शेतकरी आला होता, विड्यांनी छाती गेलेला. मी ‘फुंका, फुंका’ करून ओरडलो तर त्यानं नळी तोंडातून काढली आणि म्हणाला, ‘तुमच्याच तोंडाला वास येतोय साहेब. तुम्ही फुंकताय ते बास नाही का?’ रांगेतले सगळे हसले. मीही हसलो. आता ओळीनं गोष्ट सांगायची तर इथं ‘त्या दिवसापासून मी सोडली’ असं यायला हवं. तसं झालं नाही. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा दोन जास्त ओढल्या. सुटली १९९५ साली, तिसऱ्या खेपेला.

यंत्रावर शिकलेली एक गोष्ट मात्र तुला सांगतोच. पंचविशी-तिशीनंतर प्रत्येकाच्याच फुफ्फुसाची ताकद, म्हणजे पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा, दरवर्षी थोडी उतरते, पंचवीस-तीस मिलिलिटरनं. म्हातारपण म्हणतात ते हेच. ज्यांना धूर बाधतो त्यांची ती दुपटीनं किंवा त्याहून वेगानं उतरते. फ्लेचर आणि पेटो या दोघांनी लंडनमधल्या कामकरी पुरुषांची आठ वर्षं मोजमापं घेतली आणि १९७७ साली हा उतार कागदावर मांडला. धूर सगळ्यांना सारखा बाधत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण आपण कुठल्या गटात आहोत हे वेळेत कळत नाही. धाप लागते तेव्हा निम्मी शिल्लक खर्चून झालेली असते. सोडल्यावर गेलेलं परत येत नाही, पण उतार पुन्हा चारचौघांसारखा होतो. म्हणजे तू आज सव्विसाव्या वर्षी सोडलीस तर जवळपास काहीच न गमावता सुटतोस. अडतिसाव्या वर्षी सोडलेल्या माझ्याकडे बघ. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतो, पण मध्ये दोनदा ‘वारा खायला’ थांबतो.

आयुष्याचा हिशेबही असाच आहे. ब्रिटनमधल्या हजारो डॉक्टरांची पाहणी रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये सुरू केली आणि ती पन्नास वर्षं चालली. २००४ साली निष्कर्ष आला : सिगरेट ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात. साठीला सोडली तर त्यातली तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीला सहा, चाळिशीला नऊ, आणि तिशीत सोडणाऱ्याला जवळजवळ दहाच्या दहा. तुमच्या स्पर्धा परीक्षेत वय वाढलं की संधी कमी होतात. इथंही तसंच आहे, फक्त तू अजून तिशीच्या आतल्या रकान्यात आहेस.

कॅन्सर, हृदयविकार, हे तुला पाठ आहे. सिगरेट-तंबाखूवर निर्बंध घालणारा कोटपा कायदा २००३ चा, ई-सिगरेटवर बंदी २०१९ ची, महाराष्ट्रात सुट्टी सिगरेट विकायला बंदी २०२० ची, हेही चालू घडामोडींत पाठ केलं असशील आणि पाठ करता करता टपरीवर सुट्टीच घेतली असशील. सुट्टी घेण्यात एक गंमत आहे. पाकिटाचा ८५ टक्के भाग ज्या चित्रानं व्यापलेला असतो ते चित्र सुट्टी घेणाऱ्याला दिसतच नाही. सोडायला मदत करणारा फोन नंबर पाकिटावर छापलेला असतो, तोही दिसत नाही. म्हणून इथं लिहितो : १८००-११-२३५६. मोफत आहे. लाजू नकोस, तिकडच्या माणसाला तुझी जात-गाव-अटेम्प्ट काही विचारायचं नसतं.

आता तुझा खरा मुद्दा. ‘काका, टेन्शन असतं.’ तू म्हणालेला नाहीस, पण म्हणशील. झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि बरं वाटतं, हे खोटं नाही. पण साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं. मग मेंदू मागणी लावतो : अस्वस्थ वाटतं, चिडचिड होते, ओळ दोनदा वाचावी लागते. तू गच्चीवर जातोस, ओढतोस, आणि वाटतं की टेन्शन गेलं. गेलं ते आधीच्या सिगरेटनं आणलेलं. परीक्षेचं टेन्शन खाली टेबलावर पुस्तकाशेजारी जसंच्या तसं बसलेलं असतं. सावकारानं सकाळी खिशातून शंभर काढून घ्यावेत, संध्याकाळी ऐंशी परत द्यावेत आणि आपण त्याला देवमाणूस म्हणावं, तसला हा प्रकार. सोडून काही आठवडे झालेल्यांची चिंता आणि उदासी ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी असते, असं पाहण्यांतून दिसलेलं आहे.

प्रीलिमचा दिवस डोळ्यांपुढे आण. सेंटरवर दीड तास आधी, दारात झडती, मग दोन तासांचा पेपर. म्हणजे शेवटचे तीस प्रश्न तू ज्या वेळी सोडवतोस, नेमकी तीच मेंदूच्या मागणीची वेळ. वर धुरातला कार्बन मोनॉक्साइड. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी ओढीनं चिकटतो, म्हणजे तेवढा ऑक्सिजन कमी घेऊन तू बाकावर बसतोस. मेन्सला तर तीन तास लिहायचंय. कटऑफ एका-दोन मार्कांनी हुकल्याचं तू मला दोनदा सांगितलंस. सिगरेटमुळे हुकला असं मी म्हणत नाही. तसं कुणालाच सांगता येणार नाही.

‘मग दिवसाला दोनवर आणतो.’ नको. रोज एक ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा भाग नव्हे. शिवाय माझी दुसरी खेप अशाच ‘जेवणानंतर फक्त एक’ने बुडाली. चाळीस दिवस शून्यावर होतो, मग एक सुरू केली, महिन्याभरात बारा. लाइट सिगरेटचंही तेच. फिल्टरला बारीक भोकं असतात, माणूस नकळत खोल झुरका घेऊन कसर भरून काढतो. आणि सिगरेट सोडून तंबाखूची पुडी धरणं म्हणजे फुफ्फुस सोडून जबड्याला पकडणं.

सोडायचं कसं, ते नीट सांगतो, कारण इथंच सगळे ‘इच्छाशक्ती’ म्हणून हात झटकतात. नुसत्या जिद्दीवर सोडणाऱ्या शंभरांतले तीन ते पाच जण वर्षभर टिकतात. निकोटिनची गोळी किंवा पट्टी वापरली तर शक्यता दीडपट होते. आमच्या वेळी हे नव्हतं, तुमच्या वेळी मेडिकलमध्ये मिळतं. दोन मिलिग्रॅमची चघळायची गोळी चिठ्ठीशिवाय देतात. पण ती च्युइंगगमसारखी चावत बसायची नाही. हळूहळू चावायची, जिभेला चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, चुरचुर गेली की पुन्हा चावायची, असं अर्धा तास. गिळत राहिलास तर उचकी लागते, मळमळतं, आणि तू म्हणशील काकांचं औषध वाईट. गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चहा-कॉफी नाही, ती असली की निकोटिन नीट शोषलं जात नाही. दोन-तीन महिन्यांत हळूहळू कमी करत बंद. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली लागत असेल (खरं सांग) तर आधी डॉक्टरांना भेट. व्हरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन अशी औषधंही असतात, पण ती तेच देतील. कधी फिट आली असेल तर तेही त्यांना सांग.

चहाचं एक कुणी सांगत नाही. धुरातल्या डांबरामुळे यकृत कॅफिन भराभर संपवतं. सिगरेट बंद झाली की तेवढाच चहा अंगात जास्त वेळ राहतो. मग छाती धडधडते, झोप येत नाही, आणि माणसाला वाटतं सिगरेट सोडली म्हणून हे होतंय. तुझे दिवसाचे सहा कटिंग तीनवर आण. आणि टपरीवर नको. मेसकडे जाताना चौक टाळून शास्त्री रस्त्यानं जा, पन्नास पावलं जास्त पडतील. चहा अमृततुल्यमध्ये बसून पी, जिथं हातात काडी घेऊन उभं राहायची सवय नाही.

पहिले तीन दिवस वाईट जातात, अगदी वाईट. मी तिसऱ्या दिवशी बायकोवर मीठ कमी म्हणून ओरडलो, आणि ते ताक होतं. मग दोन ते चार आठवड्यांत उतरतं. खोकला उलट वाढला तर घाबरू नकोस, श्वासनळीतली, कफ बाहेर झाडणारी बारीक केसांची झाडणी पुन्हा कामाला लागलेली असते. पोट साफ होत नाही, तोंड येतं, वर्षात चार-पाच किलो वजन वाढू शकतं. मेसचा भात कमी कर. तोंडात बडीशेप, लवंग, फुटाणे काहीही टाक, फक्त सुपारी नाही, ती स्वतःच कॅन्सर करते. तल्लफ आली की घड्याळ बघ. तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढ्यात खाली ये, मी रात्री बारापर्यंत जागाच असतो. म्हातारपणी झोप तरी कुठं येते.

आणि एखादी ओढलीस, तर ओढलीस. मला येऊन सांग, कुठं, कुणाबरोबर, काय खाल्ल्यावर. पहिल्या अटेम्प्टला प्रीलिम गेली तेव्हा तू पुस्तकं रद्दीत घातली नाहीस. कुठले प्रश्न चुकले ते लाल पेनानं लिहून ठेवलंस. ती वही मी पाहिली आहे. माझी पहिली खेप अकरा दिवसांत गेली, मित्राच्या लग्नात, मांडवाच्या मागे. त्यानंतर मी दोन वर्षं लग्नांत पंगत झाली की तडक घरी यायचो. लोकांना वाटायचं, आहेराचे पैसे वाचवतो.

प्रीलिमला अडीच महिने आहेत, त्यामुळे वाईट आठवडे आत्ताच उरकलेले बरे. पुढच्या सोमवारची तारीख धर. पाडवा, वाढदिवस, एक जानेवारी असलं काही शोधू नकोस, त्यात पुढे ढकलायचीच सोय असते. रविवारी रात्री लायटर माझ्याकडे दे, देवघरात काडेपेटी सारखी हरवते. बार्शीला वडिलांना मी काही कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही.

गच्चीला कुलूप लावणार नाही. कोरफडीची कुंडी तेवढी तू साफ कर, माझ्यानं आता वाकवत नाही.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा काका