आखाडा सोडल्याने गणित सुधारेल का?

प्रश्न : माझा मुलगा नववीत असून अनेक वर्षांपासून दांडिया बाजारातील आखाड्यात मल्लखांबासाठी जातो. प्रथम सत्र परीक्षेत त्याचे गणिताचे गुण बरेच घसरले. दहावी होईपर्यंत आखाडा बंद करून तो वेळ ट्यूशनला द्यावा, असे त्याच्या वडिलांचे म्हणणे आहे. मी काय करावे?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : व्यायाम बंद केल्याने गुण वाढतात, असे संशोधनातून दिसत नाही. कॅनडातील त्र्वा-रिव्हिएर येथे १९७०च्या दशकात प्राथमिक शाळेतील मुलांना वर्गातील शिकवण्याचा वेळ कमी करून रोज एक तास जादा शारीरिक शिक्षण देण्यात आले. तरीही ती मुले अभ्यासात इतरांच्या मागे पडली नाहीत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या २००९च्या प्रयोगात वीस मिनिटे चालून आल्यानंतर मुलांचे लक्ष अधिक टिकले आणि वाचलेल्या उताऱ्याचे आकलनही सुधारले. मात्र त्यात वीसच मुले होती आणि तीही साधारण नऊ वर्षांची, त्यामुळे त्यावरून नववीच्या बीजगणिताबद्दल फार मोठा निष्कर्ष काढू नये. तंदुरुस्त मुलांना अधिक गुण मिळतात, हे अनेक पाहण्यांत आढळते खरे. पण अशा मुलांच्या घरचा आहार, झोप आणि शिस्तही बहुधा चांगली असते, म्हणून सगळे श्रेय एकट्या व्यायामाला देणे मला पटत नाही.

तेव्हा वडिलांची काळजी रास्त असली, तरी त्यांचा रोख चुकीच्या तासावर आहे. आधी मुलाची उत्तरपत्रिका घेऊन बसा. अवयव पाडताना चिन्हे चुकली आहेत, की भूमितीची प्रमेयेच कोरी सोडली आहेत? पहिली चूक सरावाने जाते. दुसरीचा अर्थ विषयच समजलेला नाही, आणि तेथे शिकवणाऱ्याची मदत खरोखर लागेल. त्यानंतर आखाड्यातून परतल्यावर झोपेपर्यंतचा वेळ कसा जातो, ते आठवडाभर नोंदवा. माझ्या अनुभवात गळती बहुतेक तेथेच सापडते, आणि हातात मोबाइल असतो. या वयात आठ ते दहा तास झोप आवश्यक आहे. प्रथम सत्र परीक्षा नवरात्रीच्या आगेमागे येत असल्याने, गरब्याच्या जागरणांचा वाटा किती होता, हेही प्रामाणिकपणे तपासावे. (वडोदऱ्यात गरब्याला नाही म्हणणे किती कठीण आहे, याची मला कल्पना आहे.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम. मल्लखांबात ही दुसरी गरज उत्तम भागते. शिवाय एखादी नवी उडी बसवताना पकड, तोल आणि क्रम यांवर एकाच वेळी लक्ष ठेवावे लागते. हे लक्ष गणितातही जसेच्या तसे उतरते, असे मात्र मी म्हणणार नाही.

आत्ता नववीत आखाडा चालू ठेवा आणि ट्यूशन लावायचीच असेल, तर आखाड्याची वेळ सोडून लावा. दहावीत बोर्डाची परीक्षा जवळ आली की आठवड्यातून तीन दिवस पुरेत. त्या काळात नव्या, अवघड उड्या टाळून जुन्याच कराव्यात, असे वस्तादांना आधीच सांगून ठेवा, कारण लिहिता हात ऐन परीक्षेत दुखावला तर लेखनिकासाठी धावपळ करावी लागेल.