पणजोबांचं बक्कल ब्रासोने घासू का?

प्रश्न : मॅडम, घर आवरताना पणजोबांच्या लोखंडी ट्रंकेत त्यांचा फौजेतला पट्टा सापडला. चामडं कडक झालंय पण पितळी बक्कल शाबूत आहे, मधे १०३ आकडा, भोवती इंग्रजीत मराठा लाइट इन्फन्ट्री. पार काळं पडलंय आणि चामड्याजवळ हिरवं काहीतरी चिकटलंय. आई म्हणते ब्रासोने घासून फ्रेम करू. मला तर आता नादच लागलाय, जुन्या बाजारातून अजून घ्यायचीत, खरं-खोटं कसं ओळखायचं? आणि कॅनडातला चुलतभाऊ म्हणतो हे मला कुरिअर कर. – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी आईंच्या हातातून ब्रासो काढून घ्या! तो काळपटपणा शंभर वर्षांत चढलाय, एकदा घासला की गेला, आणि त्यासोबत अक्षरांच्या कडाही झिजतात. हिरवं जे दिसतंय ते चामड्यातलं तेल-चरबी पितळेला लागून होतं, बांबूच्या काडीने किंवा टूथपिकने हळूहळू खरवडा, पाणी नको. नंतर पट्टा आणि बक्कल यांच्यात साधा पांढरा कागद सरकवून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत दमट होतं.

आता आकड्याचं. हा १०३ नंबर पलटणीला १९०३ ला मिळाला, हिंदी फौजेचा सरसेनापती लॉर्ड किचनरने सगळ्या हिंदी पलटणींना नव्याने नंबर दिले तेव्हा, त्याआधी ती ३री बॉम्बे लाइट इन्फन्ट्री होती आणि १९२२ ला ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटची पहिली बटालियन झाली. म्हणजे तुमचं बक्कल याच दरम्यानचं. आणि ही पलटण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमधे, कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकली होती, २९ एप्रिल १९१६ ला तिथे अडकलेल्या आपल्या फौजेला शरण जावं लागलं, तेव्हा ट्रंकेत डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक असं काही मिळतंय का ते नीट शोधा, पणजोबा तिथे होते का ते त्यातून कळू शकेल. त्यांचं नाव, गाव, फौजेतला नंबर एका चिठ्ठीवर लिहून बक्कलासोबतच ठेवा, माझ्या मते चिठ्ठीशिवायच्या दहा बक्कलांपेक्षा हे एक मोलाचं आहे.

बाजारात घेताना मुकुट असेल तर आधी तो बघा. व्हिक्टोरिया राणी १९०१ ला वारली, तिच्या वेळच्या मुकुटाच्या कमानी मधे खाली दबलेल्या असतात, त्यानंतर १९५२ पर्यंतच्या राजांच्या मुकुटाच्या गोल, घुमटासारख्या. आता कुणी १०३ नंबरवर राणीचा मुकुट दाखवला तर पुढे चला, कारण नंबरच तिच्यानंतरचा आहे. मूळ बक्कलाचा साचा काढून ओतलेली नक्कल किंचित लहान भरते कारण धातू थंड होताना आकसतो, अक्षरं बोथट येतात, पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. पण नुसतं ओतीव आहे म्हणून खोटं ठरवू नका हं, कित्येक अस्सल बक्कलंही ओतीवच होती. हुकाची आतली बाजू बघा, खरं वापरलेलं असेल तर तिथे घासून गुळगुळीत झालेलं असतं, नकलेत झीज बहुतेक वेळा फक्त पुढून, दिसेल तिथे केलेली असते.

कॅनडाचं मात्र स्पष्ट सांगते, नको. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं झालेली वस्तू पुरावस्तू धरली जाते आणि ती आपल्याला खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही, भेट म्हणूनही नाही. चुलतभावाला दोन्ही बाजूंचे चांगल्या उजेडात काढलेले मोठे फोटो पाठवा, आणि इकडे आला की हातात घेऊन बघू द्या.